उजवा दिवा

मिस्त्रींनी शटर खाली ओढलं आणि भर दुपारी गॅरेजात अंधार केला. गाडीसमोर, दहा पावलांवर, चुन्याची भिंत होती. तिच्यावर खडूची आडवी रेघ.

"गाडी रुसलीय, मिस्त्री," नाना म्हणाले. "दिवे नुसते मिणमिणतात."

"गाड्या कुठल्या रुसतात, नाना. रुसतात ती माणसं."

शेजारी उभी असलेली नानांची मुलगी हसली. नाना हसले नाहीत. आठवड्यातून तीनदा पहाटेच्या काळोखात ते बायकोला डायलिसिसला नेत. गेल्या खेपेला चाक दुभाजकावर चढलं होतं. बायको चकार शब्द बोलली नाही, पण मुलीच्या कानावर गेलंच.

"बाबा, आईला मी नेत जाते," ती सकाळीही म्हणाली होती.

"आधी बल्ब बदलू. मग बोल."

मिस्त्रींची पद्धत ठरलेली. आधी एकाच बाजूला जास्त उजेडाचा बल्ब लावायचा, गिऱ्हाइकाला भिंतीवर फरक दाखवायचा आणि त्याला पटलं तरच दुसरा. काचेला बोट लागू नये म्हणून नवा बल्ब फडक्यात धरून ते उघड्या बॉनेटाआड वाकले. नाना मागे, मुलीशेजारी उभे होते. दिवे लागले.

"बोला नाना. नवा कुठला?"

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. हयातभर घरांचे नकाशे काढलेला माणूस. केसाएवढी रेघ चुकली तरी कागद फाडणारा. भिंतीवर उजेडाचे दोन धुरकट डाग होते, एकासारखा एक. खडूची रेघ कुठे दिसेना.

"उजवा," ते ठासून म्हणाले. "काय लख्ख पडलाय."

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले.

"हो ना," मुलगी म्हणाली. "उजवाच."

"मग दुसराही टाकतो." मिस्त्रींनी दुसरी डबी उघडली, गाडीला वळसा घातला आणि उजव्या दिव्यापाशी जाऊन वाकले.

नाना बघत होते. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. उजव्या दिव्यातून निघालेला बल्ब जुना, काळवंडलेला होता.

शटर वर गेलं. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे किल्ली नानांच्या हातात दिली. त्यांनी ती मुठीत धरली, बॉनेटला हात लावत पलीकडे गेले आणि डावं दार उघडून बसले. पट्टा लावायला जरा वेळ लागला.

मुलगी अजून बाहेरच होती. नानांनी खिडकीतून किल्ली पुढे केली.

"पहाटे साडेचारला निघावं लागतं," ते म्हणाले. "आणि खड्ड्यात हळू घे. आईला हिसके सोसत नाहीत."