नववा नियम

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर निघाली, त्या सकाळी कपाटासमोर उभं राहून तिला रडू फुटायचंच बाकी होतं. बाळ पाच महिन्यांचं. दर तीन तासांनी दूध काढायला हवं, म्हणून शर्टाला पुढून बटणं हवीत. दूध कधी पाझरेल याचा नेम नाही, म्हणून रंग गडद हवा आणि वर भरगच्च फुलंबिलं असतील तर सोन्याहून पिवळं. ऑफिसचा नियम मात्र पांढऱ्या किंवा फिक्या शर्टाचा. नक्षी नको, गळ्यात स्टोल नको, पायात बंद बूट हवेत. पायाशी पाच वर्षांची चिमणी बिलगलेली. ती विचारत होती, "आई, हा शर्ट तुला आवडत नाही, तर घालतेस कशाला?"

"ऑफिसात आवडतो म्हणून."

"ऑफिसला डोळे असतात?"

ऑफिसला डोळे होते. ते इस्त्रीबाईंचे होते.

इमारतींचे नकाशे करणाऱ्या त्या कंपनीत ती अकरा वर्षं होती आणि सगळे तिला नकाशेवालीच म्हणत. इस्त्रीबाई हे नाव मात्र पाठीमागे घ्यायचं. पन्नाशी उलटलेल्या या बाई कंपनीचा सगळा कारभार बघायच्या. त्यांच्या कॉलरला सुरकुती पडलेली कुणी पाहिली नव्हती. पेहरावाची नियमावली त्यांनीच लिहिली होती, चांगली चौदा पानांची, आणि खाली मोठ्या साहेबांची सही.

पहिल्याच आठवड्यात नकाशेवाली त्यांच्या केबिनमध्ये गेली. "मॅडम, दूध काढायला एखादी खोली मिळेल का? दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं."

"बाथरूम आहे की."

"तिथे बसायला जागा नाही. उभ्याने—"

"मी दोन मुलं वाढवली," इस्त्रीबाई समोरचा कागद सरळ करत म्हणाल्या. "ऑफिसात कुणाला कळलंसुद्धा नाही."

ते तिने गिळलं. त्या दिवसांत तिला फक्त एकाच गोष्टीचं पडलं होतं, ते म्हणजे मुलांचं हॉस्पिटल. त्याचा नकाशा तिचा होता, अगदी रजेतही मांडीवर बाळ घेऊन तिने तो पुढे नेला होता. पलंगावर पडलेल्या मुलाला बाहेरचं झाड दिसावं म्हणून ती स्वतः फरशीवर आडवी झाली होती आणि नवऱ्याला टेप धरायला लावून खिडकीची उंची ठरवली होती. हॉस्पिटलचे लोक तो बघायला येणार, त्यांना समजावून सांगणार ती, असं ठरलेलं.

त्या दिवशी पाहुण्यांची वेळ अकराची. त्यांना उशीर झाला. साडेअकराला तिची छाती दगडासारखी झाली. ती इस्त्रीबाईंकडे गेली.

"मॅडम, पंधरा मिनिटं द्या."

"आत्ता? ते खाली गाडीतून उतरतायत. अजिबात नाही."

ते प्रत्यक्षात वर आले सव्वाबाराला. तोवर पांढऱ्या शर्टावर दोन गोल ओले डाग उमटले होते. हातात नकाशाच्या गुंडाळ्या घेऊन ती मीटिंगच्या खोलीशी पोचली, तर दारात इस्त्रीबाई.

"या अवतारात आत जायचं नाही."

"माझ्याकडे दुसरा शर्ट आहे. दोन मिनिटांत बदलते."

"कुठला? तो फुलाफुलांचा? तो नियमात बसत नाही." हे त्या हळू आवाजात बोलल्या असत्या तरी चाललं असतं. पण मागे पाहुणे होते, शिपाई होता, मोठे साहेब होते, सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "घरी जा तुम्ही," इस्त्रीबाई म्हणाल्या आणि तिच्या हातातल्या गुंडाळ्या काढून टायवाल्याकडे दिल्या. टायवाला म्हणजे तिच्याच हाताखाली दोन वर्षं शिकलेला पोरगेलासा इंजिनिअर. तो आत गेला, दार लागलं.

भरदुपारी बसमध्ये ती छातीशी फाइल धरून बसली. हॉस्पिटलला नकाशा पसंत पडला. अंतिम कागदांवर नाव टायवाल्याचं लागलं.

महिनाभराने चिमणी गुडघा फोडून घेऊन आली. वर्गातली एक मुलगी तिला घसरगुंडीवरून रोज ढकलायची.

"मी काय करू?" चिमणीने विचारलं.

"बाईंना सांग. आणि सोडून दे."

"तू सोडून देतेस?"

"हो," ती म्हणाली आणि कापसाने गुडघा पुसत राहिली. पलीकडे बाळाला झोपवणाऱ्या नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिची तिलाच लाज वाटली. लेकीशी ती धडधडीत खोटं बोलली होती. सोडून-बिडून तिने काहीही दिलं नव्हतं. त्या दुपारपासून रोज दात घासताना तिला ते दार दिसत होतं. गुडघ्याला पट्टी लावता लावता तिने ठरवलं, या बाईला मी त्याच दारातून परत पाठवणार.

दुसऱ्या दिवशी तिने चौदा पानं मन लावून वाचली. नववा नियम असा होता: पद कोणतेही असो व कारण कोणतेही असो, अपवाद केला जाणार नाही, नियमबाह्य पेहरावातील व्यक्तीस आत सोडणाराही तितकाच दोषी धरला जाईल. तिने तो तीनदा वाचला.

हे नियम पाळले जातात की नाही हे बघायला एक पेहराव समिती होती. तिच्यात जायला कुणी तयार नसायचं, नसतं लचांड नको म्हणून. नकाशेवालीने आपणहून नाव दिलं. इस्त्रीबाईंच्या भुवया वर गेल्या, मग त्या हसल्या. "धडा घेतलात तर. छान."

त्यानंतर वर्षभर तिच्याइतकी कडक बाई त्या ऑफिसने पाहिली नाही. सकाळी दारात उभी राहून ती बुटांचे रंग बघायची, बाह्यांची लांबी बघायची. तिच्या स्वतःच्या कपड्यांत खोट काढायची कुणाची टाप नव्हती. लोक म्हणायला लागले, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणेनात का. तिला फक्त इस्त्रीबाईंचा विश्वास हवा होता.

तो विश्वास फुकट मिळाला नाही. इमारतींची छोटी लाकडी मॉडेलं करणारी एक मुलगी होती, चार महिन्यांच्या मुलाची आई. एका सकाळी ती धावतपळत आली तर खांद्यावर बाळाच्या ओकारीचा पांढुरका डाग. इस्त्रीबाई काचेआडून बघत होत्या. नकाशेवालीने एक क्षण घेतला आणि म्हणाली, "घरी जा. नियमात बसत नाही." मॉडेलवालीने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती परत फिरली. त्या दिवशी नकाशेवालीला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात उभी राहिली.

मग तो दिवस आला. इस्त्रीबाईंना संचालक करणार होते. बाहेरची मोठमोठी माणसं, हॉस्पिटलचे लोक, सगळे साडेदहाला मीटिंगच्या खोलीत जमायचे होते. आणि आठच दिवस आधी इस्त्रीबाई पायरीवरून घसरल्या. पायाचं बोट मोडलं, पाऊल भोपळ्यासारखं सुजलं. जॅकेट, कॉलर, केस, सगळं नेहमीसारखं कडक, पण त्या सकाळी त्या लिफ्टमधून आल्या त्या एका पायात उघडी, मऊ सपात घालून.

खोलीच्या दारात नकाशेवाली होती. पाळी दुसऱ्याची होती, तिने ती मागून घेतली होती.

"मॅडम, बंद बूट नाहीत."

इस्त्रीबाईंना वाटलं ही थट्टा करतेय. "डॉक्टरांनी बूट बंद केलेत. सरका."

"कारण कोणतेही असो, असं लिहिलंय."

"मला माहितीये काय लिहिलंय, मी लिहिलंय ते!" आवाज चढला. आतली माणसं वळून बघू लागली. इस्त्रीबाईंनी तो खाली आणला. "अहो, पंधरा मिनिटांचं काम आहे. नाव घेतील, मी उठून उभी राहीन, संपलं."

"मीही पंधरा मिनिटंच मागितली होती."

इस्त्रीबाईंचा चेहरा उतरताना तिने डोळे भरून पाहिला. घाई केली नाही.

"वर्षभर तू यासाठी..." त्या पहिल्यांदाच अगंतुगंवर आल्या.

"हो."

मोठे साहेब लगबगीने आले. नकाशेवालीने नवव्या नियमाचं पान त्यांच्यापुढे धरलं. "साहेब, मी आत सोडलं तर मी दोषी. अपवाद करायचा असेल तर तुम्ही सगळ्यांसमोर तसं सांगा, मी लिहून घेते. म्हणजे उद्यापासून सगळ्यांनाच अपवाद मागता येईल."

साहेबांनी पान बघितलं, पाहुणे बघितले, आणि सुजलेलं पाऊल बघितलं. तिला वाटलं होतं ते निदान वाद घालतील. पण त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "बाई, तुम्ही आज आराम करा," ते म्हणाले. "आपण नंतर बघू." आणि आत गेले.

लिफ्टपाशी इस्त्रीबाई भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. नकाशेवालीने बटण दाबून दिलं.

"माझा धाकटा तीन महिन्यांचा असताना मी ब्लाउजच्या आत कापडाच्या घड्या शिवून यायचे," इस्त्रीबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "संध्याकाळी सोलून काढाव्या लागायच्या. ताप भरायचा. एकदाही कुणापुढे तोंड उघडलं नाही."

दया येईल असं नकाशेवालीला वाटलं. आली नाही. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "काय होतं ते सगळं माहीत होतं, आणि तरी तुम्ही दारात उभ्या राहिलात."

लिफ्ट आली. इस्त्रीबाई लंगडत आत शिरल्या.

ते 'नंतर' काही आलं नाही. संचालकपद पुढे ढकललं गेलं, मग विषय निघेनासा झाला आणि इस्त्रीबाईंनी सहा महिन्यांनी राजीनामा दिला. चौदा पानांचं एक पान झालं. नीटनेटके या, एवढाच त्याचा मतलब. ही आपलीच कल्पना, असं मोठे साहेब सांगत फिरले. निरोपाला नकाशेवाली गेली नाही. आपल्या टेबलाशी बसून तिने एका शाळेचा जिना पुरा केला.

एक काम मात्र राहिलं होतं. ती मॉडेलवालीच्या टेबलाशी गेली. मुलगी चिमट्याने एवढीएवढी झाडं चिकटवत होती.

"त्या दिवशी तुला परत पाठवलं," नकाशेवाली म्हणाली. "माझं चुकलं. मला त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं."

मुलीने झाड वाळेपर्यंत धरून ठेवलं. "त्यांनी तुमचं वाकडं केलं होतं, ताई. मी तुमचं काय केलं होतं?"

मुलीने मान वर केली नाही, पुढचं झाड उचललं.