काळ्या चौकोनांचा तास

साथीमुळे महाविद्यालय बंद झालं तेव्हा भौतिकशास्त्राच्या मॅडमना वाटलं, पंधरा दिवसांची तर गोष्ट. पण साथ काही हटेना. मग झोपायच्या खोलीतल्या इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्या शिकवू लागल्या. प्राचार्यांचा हुकूम होता: तास पूर्ण घ्यायचा, मुलांचे कॅमेरे चालू, हजेरी रोज.

मॅडम शिस्तीच्या पक्क्या, पण कॅमेरे कोणी लावत नसे. पडद्यावर नुसते काळे चौकोन. विनोद केला तरी हसू ऐकू येत नसे. त्यापेक्षा भिंतीशी बोलणं परवडलं असतं.

वर्गात एक मुलगी होती. एरवी इतक्या शंका विचारायची की सगळे तिला शंकाबाईच म्हणत. तीही गप्प झाली. एकदा मॅडमनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं, "हजेरी लावून झोपाच काढायच्या असतील तर तसं सांग." तिचा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला.

संध्याकाळी मॅडमना राहवेना. त्यांनी फोन लावला.

"जिन्यात बसते मी तासाला," शंकाबाई म्हणाली. "आमची एकच खोली. आई आजारी आहे, सारखा दम लागतो तिला. माझा आवाज आत गेला की दचकून उठते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्यांसमोर काय बोलू, मॅडम?"

मॅडम ओशाळल्या. त्यांचा स्वतःचा दादा तेव्हा दवाखान्यात होता. कोणाला आत सोडत नव्हते. वहिनी रोज फोन करायची आणि "आहे तसंच" एवढंच म्हणायची. हेही वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तासच बदलला. वीस मिनिटं शिकवायचं, उरलेला वेळ शंकांना. कॅमेऱ्याची सक्ती बंद. धडा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून छोट्या तुकड्यांत पाठवायचा, म्हणजे रेंज नसली तरी मागाहून ऐकता येईल. प्रयोग घरच्या घरी, दोऱ्याला कुलूप बांधून केलेल्या लंबकाचे. वहीचे फोटो उशिरा आले तरी चालतील, फक्त कसे आहात ते एका ओळीत कळवा.

विभागप्रमुखांनी फोन केला. "फार लाड चाललेत. उद्या डोक्यावर मिऱ्या वाटतील तुमच्या."

"वाटू देत, सर. आज त्यांची डोकी ठिकाणावर राहिली तरी पुष्कळ."

शंकाबाई जिन्यातून कुजबुजत पुन्हा बोलू लागली. "मॅडम, कुलूप नाहीये. किल्ल्यांचा जुडगा चालेल? पण तो डोलतो कमी आणि गिरक्याच जास्त घेतो." कुणीतरी खुदकन हसलं.

मग एका सकाळी तासाच्या तोंडावर वहिनीचा फोन आला. तिला शब्द फुटेना, तेव्हाच मॅडम समजल्या. हाताने सवयीने लॅपटॉप उघडला.

"आज शिकवणं जमणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा दादा गेला."

मॅडम बाहेर पडायचं बटण शोधत होत्या, ते दिसेना.

"मॅडम, घरात कोणी आहे जवळ?" शंकाबाईने विचारलं.

"नाही."

"मग आम्ही थांबतो."

तास संपेपर्यंत कोणी गेलं नाही. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुठे बाळ रडलं. मॅडमनी तोंडाला पदर लावून रडून घेतलं.

परीक्षेला शंकाबाई आली नाही. तिची आई गेली होती. धाकट्या दोघांसाठी ती एका गोदामात खोकी बांधायच्या कामाला लागली होती. मॅडमनी फोनवर गाठलं तेव्हा तिच्यामागे ट्रकचा आवाज होता.

"पुढच्या वर्षी परीक्षा दे. मी बोलते प्राचार्यांशी."

"बघते, मॅडम." मग म्हणाली, "तुमचे धडे ऐकते मी येता-जाता. उष्णतेपाशी अडलंय."

"नक्की कुठे?"

मागून कुणीतरी खेकसलं. "ठेवते, मॅडम," म्हणून तिने फोन बंद केला.

मॅडमनी दार लोटलं आणि उष्णतेचा अख्खा धडा पुन्हा, अगदी सावकाश रेकॉर्ड करून पाठवला. पोचल्याची खूण आली. ऐकल्याची त्या आठवड्यात आली नाही, नंतरही नाही.