गोणीची गाठ

दोन हजार एकोणीस साल होतं. सोयाबीन निघालं होतं, हळदीला पाणी चालू होतं. गोरेगावच्या बाजाराहून परत येणारी एक जीप सेनगावच्या रस्त्यावर टायर फुटून पलटी झाली, आणि तिच्यात निताचे सासू-सासरे होते.

पूर्वी कोणी असं पडलं की बैलगाडीत कडबा अंथरून त्याला हाड बसवणाऱ्याकडे न्यायचे. दिसायचं तेवढं बांधायचे, न दिसणारं देवावर सोडायचे. किती माणसं नुसती "पोटात दुखतंय" म्हणत गेली, त्याची आठवण काढायलाही आता कोणी उरलं नाही. या दोघांना निदान हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत आणलं होतं आणि तिथं आतलं दाखवणारं मशीन होतं.

नवरा देविदास पुण्याला गाडीवर होता. निता शेतातून तशीच, चिखलाच्या पायांनी, अमरसिंगकाकांच्या मोटारसायकलवर बसून आली. अमरसिंग त्यांच्या बंजारा तांड्याचा नाईक आणि सासऱ्याचा चुलतभाऊ.

सासू, जिवनबाई, स्ट्रेचरवर होती. कपाळ फुटलेलं, मानेला पट्टा, डोळे अर्धे मिटलेले, तोंडानं काहीबाही बरळणं चालू. शेजारच्या स्ट्रेचरवर सासरे, उत्तमसिंग, उठून बसले होते. कोपर खरचटलेलं आणि डाव्या बरगडीवर एक काळा वळ, बस.

"बापू, तुमाला कुठं लागलं?" नितानं विचारलं.

"जीप पलटी झाली बेटा, मी कुठं पलटलो?" ते हसले. पण त्यांच्या ओठांना रंग नव्हता.

डॉक्टर राजनंदिनी वयानं निताएवढीच असेल. तिनं उत्तमसिंगांचं पोट दाबून पाहिलं, नाडी धरली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "दोघांचाही सीटी स्कॅन करायचा आहे. डोकं, मान, छाती, पोट, सगळा. अशा अपघातात बाहेर दिसतं तेवढंच लागलेलं नसतं. आणि आधी बाबांना घ्या. नाडी फार पळतेय, पोट कडक लागतंय."

"मला?" उत्तमसिंग म्हणाले. "बायको अशी पडलेली अन् मी आधी जाऊन निजू व्हय? काय म्हणतील लोकं! तिचं करा. मग माझं करा, सावकाश."

"बाबा, सावकाश चालणार नाही."

"मंग तिचं लवकर करा."

डॉक्टरनं दोनदा समजावलं, एकदा रागावली. उत्तमसिंग ऐकेनात. शेवटी वाद घालण्यात वेळ जातोय हे पाहून तिनं त्यांना सलाईन लावायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि जिवनबाईचं स्ट्रेचर मशीनच्या खोलीकडे वळवलं.

दारातच सपनानं, मशीन चालवणाऱ्या मुलीनं, हात आडवा केला. "मावशींच्या डोक्यावरचं हे सगळं काढावं लागेल."

हे सगळं म्हणजे टोपल्या-घुगऱ्या. कानांच्या वर केसांत गुंफलेली चांदी, गालापर्यंत लोंबणारी. तांड्यावरच्या लेकीसुनांनी कधीच सोडून दिली होती, निताच्या लग्नातही नुसती फोटोपुरती घातली होती. जिवनबाईनं मात्र लग्नात बांधली ती बांधली. नवरा असेतोवर ती उतरवायची नाही. केस धुवायचे तर आधी एक बाजू सोडायची, ती बांधून झाली की दुसरी. दोन्ही कान एका वेळी उघडे करायचे नाहीत, हा तिचा नेम.

"जिवंत नवऱ्याच्या बायकोची घुगरी काढत नसतात," अमरसिंग म्हणाले. "तो बघा तिथं बसलाय तिचा नवरा."

"काका, मशीनला सौभाग्य कळत नाही हो," सपना म्हणाली. "चांदी असली की फोटोत पांढरे पट्टे उठतात. त्याच्यामागं मेंदूत रक्त साकळलंय का, मान मोडलीय का, काही दिसत नाही."

"मग दुसरं मशीन आणा."

सपनानं ट्रेमधली कात्री उचलून निताच्या हातात दिली. "ताई, तुम्ही घरच्या आहात. दोरा कापा. मी कापला तर उद्या माझ्या नावानं बोंब."

कात्री थंड होती. निता वाकली तशी जिवनबाईचा हात आपोआप वर आला आणि तिनं टोपली मुठीत धरली. शुद्ध धड नव्हती, पण मूठ पक्की होती.

"याडी, सोडा. मी निता हाय." सासूला ती याडी, म्हणजे आईच म्हणायची.

मूठ सुटेना. नितानं देविदासला फोन लावला. तिकडून गाड्यांचे आवाज. "तुला पटंल तसं कर," तो म्हणाला. "पण काका काय म्हणतेत ते बी बघ."

"शिकलेली सून केली की असंच व्हतं," काका भिंतीकडे बघून म्हणाले. "सासरा जिता असता सासूला रांडमुंड करून राहिली."

निता कात्री घेऊन उभी राहिली. डॉक्टर काहीतरी बोलत होती, ते तिला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. कापते, आता कापते, असं मनात म्हणत ती नुसती उभीच होती.

मागं सलाईनची दांडी खडखडली. उत्तमसिंग उतरून चालत आले होते.

"उठू नका म्हटलं होतं ना!" डॉक्टर ओरडली.

"तुमी तिचं डोकं धरा," ते म्हणाले. "हालू देऊ नका. ही गाठ माझी हाय."

जिवनबाईचा खांदा आखडल्यापासून तिच्या घुगऱ्या तेच बांधत. ओट्यावर बसून, चारचौघांत. बाया तोंडाला पदर लावून हसत, आणि ते म्हणत, "हसा. गोणीची गाठ हाय, सुटायची न्हाई." आज्यापणज्यांच्या बैलांवर धान्याच्या गोण्या लादायचे तेव्हाची गाठ, आज्यानं शिकवलेली. तांड्यात दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

डॉक्टरनं दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरलं. उत्तमसिंगांनी बायकोच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि मूठ सुटली. त्यांचा घाम टपटप तिच्या गालावर पडत होता. एक बाजू सुटली. मग दुसरी. पहिल्यांदाच दोन्ही कान एकदम उघडे. दोरा कुठं तुटला नाही. चांदी त्यांनी निताच्या पदरात टाकली.

"तिनं विचारलं तर तू काढलीस म्हन," ते म्हणाले. "मी काढली म्हनून सांगशील तर जीव टाकंल."

जिवनबाई आत गेली. डोक्यात रक्ताची लहानशी गुठळी निघाली, ती औषधानं विरणारी. मानेचा एक मणका मात्र चिरलेला होता. एक वेडावाकडा हिसका बसता तर हातपाय कायमचे गेले असते.

उत्तमसिंग बाकावर बसले ते तिथंच कलंडले. उचलून त्यांना मशीनखाली नेलं. सपनानं काचेमागच्या पडद्याकडे पाहिलं आणि फक्त "मॅडम" म्हणाली. पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती, पोट रक्तानं भरलं होतं. रक्ताच्या बाटल्या लावून ॲम्ब्युलन्स ऑपरेशनसाठी नांदेडकडे सुटली. निता त्यांचा हात धरून बसली होती. कळमनुरी यायच्या आत तो हात जड झाला.

दोन्ही कान उघडे केले आणि त्याच दिवशी नवरा गेला. तांड्यानं हिशोब मांडायला वेळ लावला नाही. मानेला पट्टा घातलेली जिवनबाई घरी आली आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "कोनी काढलं?"

"मी. कात्रीनं कापलं."

त्यानंतर जिवनबाई निताच्या हातचं पाणी प्यायली नाही. घागरीतून आपलं आपण ओतून घ्यायची, अर्धं सांडायचं. निता बघत राहायची. खरं सांगावं तर सासऱ्याचे शेवटचे भले क्षण बायकोच्या केसांत गेले हे सांगावं लागलं असतं. आणि तिला स्वतःला दुसरंच खात होतं. कात्री हातात असताना तिनं दोरा कापला असता, तर बापू उठले नसते. कदाचित वेळेवर मशीनखाली गेले असते.

पुढच्या दिवाळीच्या आधी घर सारवायला काढलं, तेव्हा नितानं चांदी बांधून कोनाड्यात ठेवलेलं फडकं जिवनबाईच्या हाती लागलं. तिनं ते सोडलं. चांदी काळी पडली होती. दोरा अख्खा होता, गाठीच्या जागी मुरड पडलेला. तिनं तो बोटांत धरून उन्हात बराच वेळ पाहिला.

"तू कापलं म्हनलीस."

निता सारवणाच्या बादलीकडे वळली.

"तुला ही गाठ येत न्हाई. कोनालाच येत न्हाई." मग दोरा फडक्यावर ठेवत, "उठून आला व्हय तो? तसल्या हालतीत?"

"व्हय."

जिवनबाई रडली नाही. फडकं पुन्हा बांधलं आणि म्हणाली, "तांब्याभर पानी आन."

आता त्यालाही काही वर्षं झाली. डॉक्टर राजनंदिनी लवकरच बदली होऊन गेली. सपना अजून त्याच मशीनवर आहे, आणि तांड्यावरचं कोणी आलं की कात्री मागवायच्या आधी दोरा सोडवता येतो का ते बघते. अमरसिंगकाकांना पुढं झाडावरून पडून बरगड्या मोडल्या, तेव्हा मात्र "माझा फोटो आधी काढा" म्हणत ते स्वतः मशीनवर चढले. देविदास पुणं सोडून घरी आला, हळद बघतो. वडिलांचा विषय निघाला की उठून शेताकडे जातो.

जिवनबाई आहे. मान पुरती वळत नाही, म्हणून निता तिचे केस विंचरते. उघड्या कानांशी आली की निताचा हात मंदावतो. जिवनबाईला ते कळतं. ती डोळे मिटते, आणि निता पुन्हा विंचरू लागते.