अकरा वर्षं काय केलं

फेब्रुवारीत वडील गेले आणि सोनईच्या घरात दया एकटीच उरली. जॉन मास्तर अर्धांगवायूनं अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं तिनंच केलं. त्यात तिची शाळेतली नोकरी सुटली, लग्नाची बोलणीही मागे पडली. आता ती एकेचाळीस वर्षांची होती आणि राहुरीतल्या एका कॉलेजानं मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं.

पुण्याहून भावानं, एलियानं, मोबाईलवर प्रश्नांची यादी पाठवली. खाली लिहिलं होतं, 'मधल्या वर्षांबद्दल विचारतील. घरी शिकवण्या घेत होते म्हणून सांग. आजारपणाचं रडगाणं नको.'

दोन दिवस दयानं स्वयंपाकघरात उभं राहून उत्तरं पाठ केली. भिंतीकडे बघत "नमस्कार, माझं नाव दया जॉन साळवे" म्हटलं की स्वतःचाच आवाज परका वाटायचा. सबंध दिवसात कुणाशी एक शब्द बोलणं होत नव्हतं. दूधवालाही पिशवी कडीला अडकवून जायचा. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या सविताताईंकडे गेली.

"ताई, मला एवढे प्रश्न विचाराल?"

सविताताईंनी पदराला हात पुसून मोबाईल घेतला. एकेक अक्षर लावत त्या वाचू लागल्या. "अकरा वर्षं तुमी काय केलं?"

"घरी शिकवण्या घेत होते."

सविताताईंनी मोबाईल खाली ठेवला. "कवा घेतल्या गं? मास्तरांना कुशीवर वळवायला मलाच हाक मारायचीस ना? त्ये सांग की."

मास्तर गेल्यापासून त्या दिवसांचं नाव कुणीच काढलं नव्हतं. दयाला एकदम रडू आलं. सविताताईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "चल, फुडचा प्रश्न."

मुलाखतीत प्राचार्यांनी तेच विचारलं. शिकवण्यांचं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.

"वडिलांना सांभाळत होते," दया म्हणाली. "त्यांना बोलता येत नव्हतं. काय हवंय ते मी डोळ्यांवरून ओळखायचे."

"कंटाळा नाही आला?"

"आला. पुष्कळदा. एकदा त्यांच्यावर ओरडलेही. मग दिवसभर त्यांनी माझ्या हातून घास घेतला नाही."

समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि प्राचार्यांनी फाईल मिटली. सगळं चुकलंच, असं समजून ती बसनं परत आली.

आठवड्यानं फोन आला. सोमवारी रुजू व्हा, राहायची सोय तिथंच. तिनं लगेच एलियाला फोन लावला.

"अरे वा! मीटिंगमध्ये आहे गं, संध्याकाळी बोलतो."

संध्याकाळी फोन आला नाही.

सकाळी सविताताई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. बातमी ऐकून हसल्या, दयाच्या गालावरून हात फिरवला. मग बादलीतली साडी उचलता उचलता थांबल्या.

"माझी निकिता लग्न हून गेली, आता तू बी," त्या म्हणाल्या. "लई चांगलं झालं पन."

दया पुढं झाली. तिनं साडीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती पिळली.