साक्षीदार दुसऱ्या देशाचा

रकाना १. मतदाराचं नाव

त्र्यंबक दिगंबर सोमण, वय एकाहत्तर, अल्फारेटा, अमेरिका. एकतीस वर्षं ग्रीन कार्डावर काढली, पण संघाचा निळा पासपोर्ट काही त्याने सोडला नाही.

रकाना २. घटक देश

भारत. कालपर्यंत गुलाम असलेल्या अकरा देशांनी १९५८ साली कोलंबोत बसून, एकही गोळी न झाडता, एक संघ व्हायचं ठरवलं, त्यांतला एक.

रकाना ३. ब्रह्मदेशाने संघाबाहेर पडावं का?

नाही.

याला त्र्यंबकला अर्धं मिनिटही लागलं नाही. बायको शरयू रंगूनची. फेब्रुवारीत ती गेली. आता तिचं गावही परकं व्हायचं म्हणजे फारच झालं.

रकाना ४. साक्षीदार (दुसऱ्या घटक देशाचा, किमान वर्षभराच्या ओळखीचा)

इथे गाडं अडलं.

नियम करणाऱ्यांचा हेतू साधा होता: मत द्यायचं तर आधी परक्या कुणाशी ओळख काढा. त्र्यंबकने बायकोच रंगूनची केली. दर मतदानाला जेवणाच्या टेबलावर ती त्याच्या कागदावर सही करायची, तो तिच्या. उभ्या जन्मात कुणाचं दार वाजवायची वेळ आली नाही.

त्याने सनीव्हेलला मुलाला फोन लावला.

"पोस्ट कितीला जातं, बाबा?" राजसने विचारलं.

"पाचला. आज शेवटचा दिवस."

"मग नेबर्सना विचारा ना. कोणीतरी असेलच."

"तू इथे असतास तर..."

"मी अमेरिकन आहे, बाबा. आय डोन्ट काउंट."

रकाना ४. (पुन्हा)

साडेतीनला त्याने शेजारचं दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईला तो सहा वर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवत आला होता. ती घानाची, म्हणजे संघातलीच, एवढं शरयूच्या बोलण्यातून कानावर आलेलं.

त्याच्या हातातला लिफाफा बघून ती हसली. "या, अंकल. माझाही फ्रिजवर पडलाय. माझी साक्षीदार शरयूच होती."

"ती मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत?"

त्याच्या कागदावर तिने भराभर लिहिलं: ओळख सहा वर्षांची. "चहात चोरून साखर घालता, एवढं मला ठाऊक आहे." मग स्वतःचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्र्यंबकचं पेन थांबलं. "तुमचं नाव?"

"एफुआ मेन्सा."

नाव लिहिलं. पुढे ओळखीचा काळ. संघाच्या कागदावर खोटं लिहायला त्याचा हात धजेना.

"मला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही."

"काहीच?"

त्याने मधल्या भिंतीकडे पाहिलं. "शनिवारी सकाळी भिंतीपलीकडे धपधप होते."

"फुफू कुटते मी. उकडलेला कसावा, तुमच्या साबुदाण्याचा कंद."

"मी शरयूला म्हणायचो, मॅनेजरकडे तक्रार करतो."

"किती वर्षं म्हणत होतात?"

"सहा."

"मग तेच लिहा," एफुआ म्हणाली.

रकाना ५. तारीख

दोन्ही लिफाफे त्याने स्वतःच पेटीत टाकले. तिने चहाला थांबा म्हटलं होतं, पण तो संकोचाने नको म्हणाला होता.

घरी येऊन त्याने खुर्ची उचलली आणि त्या भिंतीला लावून बसला. पलीकडे काहीच वाजत नव्हतं.

मंगळवार होता. शनिवारला अजून चार दिवस होते.