व्हर्नाच्या टेबलावरचा पिचर

मंगळवारी सकाळी नेल्फीनं दुधाचा कॅन डाव्या हातानं उचलला, आणि व्हर्ना दोस्तालचा अंडी परतणारा हात तव्यावरच थांबला.

दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण व्हर्नानं एकतीस वर्षं केल्सोबर्गच्या शाळेत पोरांना जेवण वाढलं होतं. हातात ट्रे घेऊन रांगेत उभं राहिलेलं पोर पाहिलं, की कुणाचं मनगट दुखावलंय, कोण घरून रडून आलंय, हे तिला न सांगता कळायचं. आणि नेल्फी पानियाग्वा तर एप्रिलपासून तिच्याच घरात राहत होता. गावाचा बेसबॉलचा संघ लहान, खेळाडूंचे पगार त्याहून लहान, म्हणून दर उन्हाळ्यात त्यांना गावातल्या घरांमधून ठेवून घ्यायची पद्धत होती. बावीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंचीचा हा पिचर उजव्या हातानं चेंडू फेकायचा, उजव्या हातानं जेवायचा, आणि तो जड कॅन रोज उजव्या हाताच्या दोन बोटांत अडकवून उचलायचा. आज डावा.

"झोप झाली का रे?"

"मस्त झाली, दोन्या व्हर्ना." तो तिला दोन्या म्हणायचा. त्याच्या बेटावर वडीलधाऱ्या बायकांना तसंच म्हणतात.

"मग ही काकडीची बरणी उघडून दे. माझ्या बोटांत जीव राहिला नाही आता."

नेल्फीनं बरणी गुडघ्यांत धरली, डाव्या हातानं झाकण पिळलं आणि वर हसला. "बघा, नवी पद्धत!"

"नवी पद्धत तुझ्या आजीला सांग. कोपर दुखतंय ना?"

त्याचं हसू मावळलं. त्यानं बरणी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "दोनच सामने राहिलेत, दोन्या. या रविवारी एक, पुढच्या रविवारी एक. मग मला वरच्या संघात बोलावणार आहेत. कोचनं स्वतः सांगितलंय. एकदा तिथे उभा राहिलो, एक चेंडू जरी टाकला, तरी माझं नाव तिथे लागलं. मग हाताचं काय व्हायचं ते होवो. तुम्ही काही पाहिलं नाही. हो ना?"

"मी कुणाजवळ एक शब्द बोलणार नाही," व्हर्ना म्हणाली. आणि ती शब्दाची पक्की होती, हे गावात कुणीही सांगितलं असतं.

आता खरी अडचण सांगायला हवी. गावात दहा जणांची एक कागदी लीग होती. कागदी म्हणजे मैदानावर घाम गाळायचे ते वरच्या संघांतले खरे खेळाडू, आणि यांनी आपापल्या घरी बसून त्यांतले काही निवडायचे, त्यांना आपला संघ म्हणायचं, आणि त्यांनी खऱ्या सामन्यांत केलेल्या कामगिरीचे गुण आपल्या नावावर लावायचे. वरच्या संघात अजून न पोचलेलं एखादं होतकरू पोरही आधीपासून राखून ठेवता यायचं. बक्षीस कसलं? मर्ल ओल्ब्रिखच्या केस कापायच्या दुकानात, आरशाच्या वर, एक अक्रोडाची फळी होती. जिंकणाऱ्याचं नाव त्या फळीवर कोरायचं. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी दहा शहाणीसुरती माणसं मार्चपासून सप्टेंबरपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढत. फळीवर मर्लचं नाव सात वेळा होतं. व्हर्नाचं एकदाही नव्हतं. एकोणीस वर्षांत ती चार वेळा दुसरी आली होती, आणि दुसऱ्या आलेल्याचं नाव कुणी कुठेच कोरत नाही. त्या दुकानात जाऊन ती फळी वाचायची तिला मनापासून चीड होती.

बाकीचे दुसऱ्यावर मात करायला नाना उपाय करायचे. मर्ल तीन-तीन ठिकाणची तज्ज्ञांची पत्रकं मागवायचा. विमा विकणारा एकजण रात्रंदिवस आकड्यांचे तक्ते मांडायचा. व्हर्नाचा उपाय म्हणजे तिचं जेवणाचं टेबल. कोण घरी फोन करून गप्प गप्प होतोय, कोणाची भूक मेलीय, कोण सकाळी डोळे लाल करून खाली येतोय, हे ती बघायची आणि पोरं वर गेल्यावर त्यांचं काय होणार याचा अंदाज बांधायची. तो बहुतेक बरोबर यायचा. "व्हर्नाकडे हेर आहेत," मर्ल म्हणायचा. "हेर नाहीत, करपलेला टोस्ट खाणारी पोरं आहेत," ती म्हणायची.

नेल्फीला तिनं दोन वर्षांपूर्वीच, त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा, आपल्या कागदी संघात राखून ठेवलं होतं. आणि यंदा क्लबनं नेमका तोच तिच्या दारात आणून सोडला. तेव्हा ती दिवसभर गाणं गुणगुणत फिरली होती. आता मात्र मर्ल पहिला, ती दुसरी, मध्ये पाच गुण, आणि शनिवारी दुपारी बारानंतर खेळाडूंची अदलाबदल बंद.

गुरुवारी मक्याच्या कणसांच्या गाडीपाशी मर्लनं तिला गाठलंच.

"काय गं, तुझा तो लांबडा मला देतेस का?"

"आणि तू काय देतोस? उवा?"

"ब्रॅनिगन देतो."

व्हर्नाच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. ब्रॅनिगन म्हणजे होम रनचा कारखाना, चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावणारा. मर्लकडे असे दांडगे गडी पोत्यानं होते, पिचरचा मात्र दुष्काळ.

"सप्टेंबरात तुझा पोरगा वर जाणार, सगळ्यांना ठाऊक आहे," मर्ल म्हणाला. "मला तो महिनाभर हवाय, आणि पुढची दहा वर्षंही. तुला आत्ता गुण हवेत. कर विचार. नाहीतरी दुसरं यायची तुला सवय झालीय म्हणा."

शेवटचं वाक्य त्यानं गंमतीनंच टाकलं होतं. पण ते तिला लागलं. घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती, आणि शिव्या घालता घालताच हिशेब मांडत होती. त्या कोपराचे फार तर दोन सामने उरले होते. नंतर तो पोरगा कुणाच्याच संघाच्या कामाचा नव्हता. आणि हे अख्ख्या गावात तिला एकटीला माहीत होतं.

शुक्रवारभर ती स्वतःशी वाद घालत राहिली. यात फसवणूक कसली? लीगमध्ये सगळेच एकमेकांच्या गळ्यात मोडकी माणसं मारत आले होते. आणि नेल्फीला दिलेला शब्द? मी कुणाजवळ बोलणार नाही, एवढंच कबूल केलं होतं. ते ती पाळणारच होती. कागदावर एक नाव इकडचं तिकडे केलं, तर त्या पोराच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. तो रविवारी फेकेल, पुढच्या रविवारी फेकेल, वर जाईल, देव त्याचं भलं करो. तिचं तिला मिळेल, त्याचं त्याला. तिला हे इतकं पटलं की तिनं त्या रात्री त्याच्यासाठी कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भाजले.

शनिवारी अकरा वाजता तिनं कॉम्प्युटरवर अदलाबदल टाकली. चार मिनिटांत मर्लनं होकार दिला. तशी सूचना नेहमीप्रमाणे दहाही जणांना गेली.

अकरा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. धाकटी बहीण आर्लीन. तीही लीगमध्ये होती.

"व्हर्ना, कोपर की खांदा?"

"कसलं कोपर?"

"अगं, मला नको शिकवूस! त्या पोराचे मोजे तू रफू करतेस, त्याच्यासाठी भात-राजमा करायला शिकलीस, आणि तू त्याला मर्लला देऊन टाकतेस? वर जायच्या दोन आठवडे आधी? काहीतरी झाल्याशिवाय का?"

"काही झालेलं नाही," व्हर्ना म्हणाली. पण आपली चूक तिला तेव्हाच कळली. तिनं सगळ्याचा विचार केला होता, फक्त स्वतःचा केला नव्हता. तिच्या टेबलावरची बातमी कळायला तिनं तोंड उघडायची गरजच नव्हती. एकोणीस वर्षं सगळं गाव तिच्या हालचालींवर डोळा ठेवून होतं.

फोन ठेवून पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच मर्ल स्वतः दारात. अंगात दुकानाचा झगा, हातात कंगवा, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी.

"काय विकलंस मला, बये? आर्लीनचा फोन आला आणि माझी ट्यूब पेटली. फसवलंस! मला, मर्ल ओल्ब्रिखला! मी तर म्हणतो, मानलं तुला."

"हळू बोल," ती म्हणाली. नेल्फी सरावाला गेला होता तरी. "आर्लीनचा फोन आला तेव्हा दुकानात कोण होतं?"

"कुणी नव्हतं गं. खुर्चीत क्लबचा तो पिचिंग कोच तेवढा. अर्धे केस कापायचे राहिलेत त्याचे." मर्लचं हसू थांबलं. त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं. "माझं फोनवरचं बोलणं ऐकून तो तसाच उठून गेला, व्हर्ना. मला वाटलं, फोन करायला गेला असेल."

व्हर्ना पायरीवर खाली बसली. अदलाबदल रद्द करायला सांगावी असं एकदा तिच्या मनात आलं. पण आता रद्द केली तर उरलीसुरली शंकाही मिटली असती.

रविवारी नेल्फीच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी चेंडू टाकला. सोमवारी त्याला इस्पितळात नेऊन हाताची तपासणी केली. तो दुपारी परतला तेव्हा ती स्वयंपाकघरात कणसांचे दाणे काढत होती. त्याचं कोपर पट्ट्यात बांधलेलं होतं.

"कोपरात हाडं बांधून ठेवणारा दोर अर्धा फाटलाय," तो म्हणाला. "ऑपरेशन. मग वर्षभर काही नाही."

"नेल्फी, मी कुणाजवळ एक शब्दही बोलले नाही रे." बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली.

"माहीत आहे. कोच म्हणाला. व्हर्नानं तुला सोडलं, तेव्हाच आम्ही समजलो, म्हणाला." तो दाराला टेकून उभा राहिला. "बदल्यात कोण मिळालं?"

"ब्रॅनिगन."

त्यानं जरा विचार केला. "चांगला आहे," तो म्हणाला, आणि ते त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यानं टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"अरे, पुढच्या चेंडूला सबंध तुटला असता तो दोर," ती म्हणाली.

"असता. नाहीतर नसताही. दोनच सामने होते, दोन्या. आणि हात माझा होता."

तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "हावरटपणा केला मी. तुझ्या ताटाकडे बघून केला."

"असू दे," तो शांतपणे म्हणाला. त्यानं टेबलावरची आपली प्लेट डाव्या हातात घेतली आणि जिना चढून आपल्या खोलीत गेला.

त्या दिवसापासून तो वरच जेवू लागला. भांडण नाही, अबोला नाही. सकाळी "गुड मॉर्निंग, दोन्या" म्हणायचा, प्लेट घ्यायचा, वर जायचा, रिकामी प्लेट स्वतः धुऊन ठेवायचा. फक्त तिच्या नजरेसमोर त्यानं परत एक घास घेतला नाही. व्हर्ना खाली एकटी बसायची आणि तिला घास गोड लागायचा नाही. इतकी वर्षं आपण या पोरांना मायेनं बघत होतो की दुसऱ्या कशासाठी, हे तिला आता धड सांगता येईना, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

ब्रॅनिगननं त्याच आठवड्यात तीन होम रन ठोकले. पुढे सप्टेंबरअखेर व्हर्ना सहा गुणांनी जिंकली. "नाव कोरू नकोस, मर्ल," ती म्हणाली, तर मर्ल म्हणाला, "एकोणीस वर्षं डोकं खाल्लंस, आता गप्प बस," आणि त्यानं चांगलं ठसठशीत कोरलं. ती ते बघायला अजून गेलेली नाही. त्या दुकानाजवळ आली की ती रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

नेल्फी निघाला तो त्याआधीच, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी. ऑपरेशन दूरच्या शहरात होतं, साडेनऊला क्लबची गाडी यायची होती. व्हर्नानं पहाटे उठून त्याच्या आवडीची केळी तळली, अंडी केली, भात गरम केला आणि सगळं वर न्यायला सोपं पडावं म्हणून एका ट्रेमध्ये मांडलं. तो बॅग घेऊन खाली आला. ट्रेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग बॅग भिंतीशी टेकवली आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसला.

व्हर्नानं ट्रे त्याच्यापुढे सरकवला. मग ती शेगडीकडे वळली. मागे काटा प्लेटला लागल्याचा आवाज आला. कोणत्या हातानं खातोय, दुखतंय का, किती दुखतंय, सगळं एका नजरेत कळलं असतं. तिनं वळून पाहिलं नाही; फडकं घेतलं आणि पुसलेलीच शेगडी पुन्हा पुसू लागली. त्याचं खाऊन होऊन खुर्ची मागे सरेपर्यंत ती तशीच पाठमोरी उभी राहिली.