राहू द्या वहिनी, दिलं

मी एक जुना पटर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. ऐकायचं असेल तर ऐका.

पटर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. गोल्फच्या खेळात लांब लांब काठ्या चेंडू दूर भिरकावतात आणि टाळ्या घेतात. चेंडू हिरवळीवर, भोकाच्या जवळ आला की त्याला हलकेच ढकलून आत घालायचं काम माझं. चेंडू दोनशे पावलं उडवा नाहीतर दोन फूट ढकला, मोजताना फटका एकच धरतात. एवढी साधी गोष्ट माणसांच्या डोक्यात का शिरत नाही, देव जाणे.

माझं डोकं पितळेचं आहे. एका लेथवाल्याने ते तीन दिवस घासून आरशासारखं केलं होतं. माझे पहिले मालक घड्याळं दुरुस्त करायचे. मैदानावर जायला त्यांना आठवड्यातून एकदाच सवड मिळे. म्हणून रोज संध्याकाळी ते घरातल्या लांबट बोळात स्टीलचा पेला आडवा ठेवायचे, दोन फुटांवर चेंडू मांडायचे आणि शंभर वेळा पेल्यात घालायचे. नव्याण्णवावा चुकला तर पुन्हा एकपासून. त्यांची लहान मुलगी पेल्यातून चेंडू काढून द्यायची. ती कंटाळून म्हणायची, "बाबा, इतक्यांदा गेला की आत. आता कशाला?"

"गेला तो गेला," ते म्हणायचे. "पुढचा अजून जायचाय."

ती मुलगी मोठी झाली, तिने चष्म्यांचं दुकान टाकलं, आणि बाबा गेल्यावर मी तिच्याकडे आलो. तिने माझी दांडी आपल्या उंचीला बेताची कापून घेतली. दुखलं, पण माझी तक्रार नव्हती. कामाला लावणार म्हणूनच तर कापतात.

पण कसलं काम आणि कसलं काय! दर रविवारी बाई आपल्या धाकट्या दिरांबरोबर आणि त्यांच्या दोन मित्रांबरोबर खेळायला जायच्या. दीर दातांचे डॉक्टर. या मित्रामित्रांच्या खेळात एक रीत आहे. चेंडू भोकापासून दोनेक फुटांवर आला की समोरचा म्हणतो, "दिलं." म्हणजे तो आत गेला असं धरायचं आणि चेंडू हाताने उचलायचा. पुरुष एकमेकांना कधी द्यायचे, कधी अडवायचे. बाईंना मात्र दर वेळी. चेंडू पुरता थांबलेलाही नसायचा, की डॉक्टर म्हणायचे, "राहू द्या वहिनी, दिलं."

एकदा ते मित्राला हळूच म्हणाले, "वहिनींचं लवकर आटपलं की चहाला लवकर जाता येतं." मी पिशवीतच होतो. पितळ तापतं ते उन्हानेच, असं कुणी समजू नये.

अकरा वर्षं हे चाललं. मला पानावर बसवायचं आणि शेवटचा घास तेवढा हातातून काढून घ्यायचा. आणि बाई? बाई हसून चेंडू उचलायच्या, आणि परतफेड म्हणून डॉक्टरांचाही सोडून द्यायच्या. बोळातल्या पेल्याची त्यांना आठवणही राहिली नव्हती. माझा अर्धा राग त्यांच्यावरच आहे.

यंदा क्लबने हौशी खेळाडूंची स्पर्धा ठेवली. क्लबच्या संघात चार जागा असतात. तीन जागांवर डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र होते. स्पर्धेत पहिला येईल त्याला चौथी जागा मिळणार होती. बाईंना ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. "मला कुणाची वहिनी म्हणून नाही, खेळाडू म्हणून जायचंय," असं त्या घरी म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं.

मग सहा आठवडे नुसती धामधूम. नवी लांब काठी आली, नवे बूट आले, शिकवणारा आला. रोज सकाळी चेंडू भिरकावणं चालू. मी कुठे होतो? दाराजवळच्या डब्यात, छत्र्यांच्या गर्दीत. एकदा शिकवणाऱ्याने विचारलं, "पटिंग कसं आहे तुमचं?"

"ते जमतं मला," बाई म्हणाल्या. "दोन फुटांवरचा माझा कधी चुकत नाही."

चुकेल कसा? कधी मारलाच नव्हता!

स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच भोकाशी बाईंचा चेंडू दोन फुटांवर येऊन थांबला. दुरून आलेला झकास फटका होता. बाई पुढे झाल्या, वाकल्या आणि सवयीने चेंडू उचलून खिशात टाकला. कुणी काही म्हणालंही नव्हतं. अकरा वर्षांचा हात, तो आपोआप गेला.

बाईंचे फटके लिहायला एक मुख्याध्यापिका होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो बाई, इथे कुणी देत नाही. दंडाचा एक फटका. चेंडू परत ठेवा आणि मारा."

बाईंनी चेंडू ठेवला. मला त्यांनी घट्ट आवळून धरलं आणि मारलं. चेंडू भोकाच्या कडेवरून निघून गेला. दुसऱ्या भोकाशीही दोन फुटांवरचा चुकला, तिसऱ्याशीही. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. मी काय करणार? हात त्यांचे, मी नुसती काठी.

चौथ्या भोकाशी बाई चेंडूपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पुटपुटल्या, "पुढचा अजून जायचाय." बाबांचेच शब्द! त्यांची पकड सैल झाली, अगदी बाबांसारखी, आणि चेंडू टुण्णकन आत गेला. त्यानंतर शेवटपर्यंत दोन फुटांवरचा एकही चुकला नाही.

तरी जागा गेली. एका औषधविक्रेत्याला मिळाली, फक्त एका फटक्याने.

डॉक्टर सांत्वनाला आले. "एका फटक्याने गेलं हो वहिनी. आपल्या रविवारच्या खेळात असतो तर केव्हाच दिलं असतं."

बाई माझं डोकं रुमालाने पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं दिलंत ना भावजी, म्हणून तर आज गेलं."

पुढच्या रविवारी पहिल्याच भोकाशी डॉक्टरांचा चेंडू दोन फुटांवर थांबला. ते उचलायला वाकले.

"थांबा भावजी," बाई म्हणाल्या. "मी दिलं नाही."

डॉक्टर हसले. मग त्यांनी आपला चकचकीत पटर काढला आणि फटका मारला. चेंडू भोकाला वळसा घालून गेला. परतीचा फटका भोकाच्या अलीकडेच थांबला. डॉक्टर आता हसत नव्हते. "वहिनी, आता तरी द्या," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. मित्रांनो, अकरा वर्षांत इतकं गार मला कधी वाटलं नव्हतं.

आता चष्म्यांच्या दुकानात, शटर अर्धं ओढल्यावर, जमिनीवर एक स्टीलचा पेला आडवा पडलेला असतो. काल अठ्ठ्याण्णवावा चुकला. बाईंनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात एखादी जुनी काठी असेल, तर तिला छत्र्यांमध्ये उभं करू नका. आणि कुणी प्रेमाने म्हणालं, "राहू दे, दिलं," तर आभार जरूर माना, पण चेंडू उचलू नका.